पाच मिनिटं इंजिन बंद

सत्कार ठरला तेव्हा तो पाच मिनिटांचा होता. शाल, नारळ, झेंडूचा हार, टाळ्या, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या कामाला लागायचं. ग्रामसेवक शेषराव मनवर यांच्या मनात याहून जास्त काहीही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे आसेगावात जे झालं, त्यावरून लोकांनी त्यांच्याबद्दल काहीबाही समज करून घेतले.

साल चौऱ्याहत्तर, महिना ऑक्टोबर. संकरित कपाशीवर बोंडअळी अशी तुटून पडली होती, की शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभं राहिलं तर तिच्या खाण्याचा आवाज येतो, असं जगदेव सांगायचा. जगदेव हा शेषरावांचा शेजारी आणि गावातल्या एकुलत्या एक ट्रॅक्टरचा मालक. त्याच्या बोलण्यातून निम्मं वजा करायची गावाला सवय होती. पण निम्मी अळी म्हटली तरी ती काही कमी भरत नव्हती. म्हणून औषध फवारायला सरकारनं विमान पाठवलं. पिवळं, एका माणसापुरतं, पोटात औषधाची टाकी आणि पंखांखाली ओळीनं नोझल. शेषरावांनी गायरानावरचे दगडगोटे वेचून त्याला उतरायला पट्टी करून दिली, पाण्याचे पिंप भरून ठेवले, शेतांच्या टोकांना पांढरी निशाणं घेऊन माणसं उभी केली. विमानाबरोबर पुण्याकडचे एक कॅप्टन आले होते. काळा चष्मा, कमी बोलणं. त्यांचा मेकॅनिक जीप घेऊन अकोल्याला विमानाचं पेट्रोल आणायला गेलेला, त्यामुळे त्या यंत्राचं दुखणंखुपणं कळणारा माणूस माळावर एकटा कॅप्टनच.

असा माणूस गावासाठी कपाशीच्या शेंड्यांवरून विमान घासत नेतो, आणि आपण त्याला तसंच कोरडं पाठवायचं? शेषरावांना ते सहन होईना. रात्री जेवताना त्यांनी बायकोजवळ विषय काढला.

"हात जोडा अन् जाऊ द्या बिचाऱ्याले," लिलाबाई म्हणाल्या. "सत्कारगित्कार कायले?"

"अवं, गावाची काही इज्जत हाये का नाई?"

"गावाची हाये. तुमची राहीन का नाई ते पाहा."

शेषरावांनी हा शेरा ऐकला नाही असं केलं आणि शाल मागवली. पण शालीची गंमत अशी असते, की ती आली की घालायला तोलामोलाचे हात लागतात. सरपंच म्हणाले, पंचायत समितीच्या सभापतींशिवाय शाल घालणं म्हणजे सभापतींचा अपमान. सभापती म्हटले की मंडप आला. मंडपवाला म्हणाला, सभापती अन् लाउडस्पीकर नाही, असं कुठं असते काय? गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून लाउडस्पीकरबरोबर मोटारीची मोठी बॅटरी आली. शाल जेवढ्यास पडली त्याच्या कैक पटींनी तिचा लवाजमा पडला, आणि शेषराव मंडपाच्या खांबाला टेकून, आपण नेमकं कुठे चुकलो, याचा विचार करत बसले.

सभापती शालिग्रामजी माणूस भला, दिल्या शब्दाला जागणारा. अडचण एवढीच, की ते शब्द फार द्यायचे. माईक हातात आला की त्यांना कशाचं भान राहत नसे. शेषरावांची नोकरीत कायम होण्याची शिफारस त्यांच्याच टेबलावर पडून होती, त्यामुळे शेषरावांना त्यांचं भाषण नेहमीच फार आवडत असे.

सत्काराच्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्याच्या वरच्या अंगाची सगळी शेतं फवारून झाली होती. नाल्याच्या अंगाची तेवढी राहिली होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान पुढच्या गावी, धनजला हलायचं, असा वरून हुकूम होता. नाल्याच्या अंगाला लहान लहान शेतकरी. त्यांतच गोजराबाईचं चार एकर. नवरा वारल्यापासून म्हातारीचं सारं वर्ष त्या कपाशीवर चालायचं. ती सकाळपासून माळावर येऊन बसली होती आणि विमान उतरलं की दर वेळी विचारत होती, "आता माहं काय?"

"आताच तुमचं, मावशी," शेषराव सांगायचे. "या खेपेच्या मंगं तुमचंच."

औषध भरायला विमान उतरलं. कॅप्टननी ते मंडपासमोर आणून उभं केलं, तोंड पट्टीकडे, शेपटी मंडपाकडे, म्हणजे टाकी भरली की सरळ निघता यावं. औषध भरतानाही इंजिन चालूच ठेवायचं, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. पंखा भिरभिरत राहिला. सभापती उठले, माईकवर फुंकर मारली आणि म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो." ते कुणालाही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग शेषरावांना बोटानं जवळ बोलावलं.

"हे बंद कराले सांगा."

शेषराव धोतर सावरल्यासारखी पँट सावरत पळाले. "साहेब, पाच मिनिटं. निसतं पाच मिनिटं बंद करा."

"मनवर, तापलेलं इंजिन या उन्हात बंद केलं तर लवकर चालू होत नाही," कॅप्टन वरून ओरडले. "इंजेक्शनचं इंजिन आहे."

इंजेक्शन म्हटल्यावर शेषरावांना दवाखाना आठवला. ज्याला इंजेक्शन दिलेलं आहे ते तब्येतीनं चांगलंच असणार, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हात जोडले. एकदा मंडपाकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. त्या तोंडाकडे पाहून दगडालाही दया आली असती. कॅप्टननी एक दांडा मागे ओढला. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला, आणि माळावर एकदम इतकी शांतता झाली की लांबवरची बकरी ओरडलेली ऐकू आली.

शाल झाली, नारळ झाला, हार झाला. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, ही गोष्ट शेषराव पुढे अनेक वर्षं लोकांना सांगत असत. नंतर सभापती दोन शब्द बोलायला उभे राहिले.

त्यांनी पुष्पक विमानापासून सुरुवात केली. कॅप्टनचं त्यांनी आधी एक नाव सांगितलं, थोड्या वेळानं दुसरं, आणि तिसऱ्या वेळी तर ते थेट मेजर झाले. पुष्पक विमान लंकेहून परत यायच्या आत कॅप्टन व्यासपीठावरून उतरले, गळ्यातला हार काढला आणि विमानात जाऊन बसले. शेषराव मागोमाग.

पंखा फिरला. चक, चक, चक, चक. आणि थांबला. पुन्हा फिरला, एकदा फट् असं काहीतरी झालं, धुराचा एक गोळा निघाला, आणि थांबला. कॅप्टन खाली उतरले. चष्मा काढला.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं जी?"

"जे होणार म्हणून सांगितलं होतं ते."

तोवर निम्मा मंडप उठून विमानाभोवती गोळा झाला होता. उरलेल्या निम्म्यांना उद्देशून सभापतींचं चालूच होतं. कॅप्टननी इंजिनावरचं झाकण उघडलं. गरम हवेचा झोत तोंडावर आला.

"जीपच्या इंजिनात कार्बोरेटर असतो," ते शेषरावांना सांगू लागले. "वाटीत पेट्रोल, आत जाणारी हवा ते ओढून घेते, आणि मग सगळं मिळून नळ्यांतून सिलिंडरांकडे जातं. कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी. विमान वाकडं झालं की वाटीतलं पेट्रोल हिंदकळतं ते वेगळंच. इथे तशी वाटीच नाही. हा पंप. ही पेटी आत किती हवा जाते ते बघते आणि त्या मानानं पेट्रोल पुढे सोडते. आणि हे वर बघा."

इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी डबी होती आणि तिच्यातून कोळ्याच्या पायांसारख्या सहा बारीक नळ्या सहा सिलिंडरांकडे गेल्या होत्या.

"प्रत्येक नळीच्या टोकाला नोझल. सुईच्या अग्राएवढं भोक. झडपेच्या तोंडाशी सतत फवारा, प्रत्येकाला सारखा."

"मंग बिघडलं काय?"

"काहीच बिघडलं नाही. चालू असताना नळ्यांतून गार पेट्रोल वाहत असतं, समोरून वारा लागतो. बंद केलं की दोन्ही थांबतं. खालची उष्णता वर चढते आणि नळ्यांतल्या घोटभर पेट्रोलची उकळून वाफ होते. आता पंप वाफ ढकलतोय. नोझलला हवं पातळ पेट्रोल."

"काय म्हनते?" मागून जगदेवनं विचारलं.

शेषरावांचा चेहरा उजळला. समजावून सांगणं हे त्यांचं कामच होतं, आणि गेल्या तासाभरात त्यांच्या अब्रूला प्रथमच जरा सावली मिळाली होती. ते विमानाच्या चाकावर चढले.

"हे पाहा. कार्बोरेटर म्हंजे कसं, पंगतीच्या मधात वरनानं भरलेलं मोठं गंज ठेवलं अन् सांगतलं का ज्यानं त्यानं घ्या. जवळचा दाबून जेवते, कोपऱ्यातला उपाशी. इंजेक्शन म्हंजे वाढपी. हरेकाच्या पत्रावळीपाशी जाते अन् सारखं वाढते."

"मंग वाढपी पळून गेला काय?"

"वाढपी हाये. पन त्याच्या गंजातल्या वरनाची वाफ झाली. तो बिचारा पळी ओतून राह्यला, पन पत्रावळीवर काहीच पडून नाई राह्यलं."

"मंग पंगत उठनच ना बाप्पा," जगदेव म्हणाला, आणि सगळ्यांना पटलं.

आजार कळला म्हटल्यावर औषधं सुचू लागली. एक म्हणाला, धक्का मारा, जीप नाही का धक्क्यानं सुरू होत. दहा-बारा जण धक्का द्यायला शेपटीशी वाकलेसुद्धा. विमानाचा पंखा आणि चाकं यांचा काही संबंध नसतो हे कॅप्टन सांगेपर्यंत ते त्याला हातभर पुढे घेऊन गेले होते. दुसरा म्हणाला, टाकीत फुंका. एका बाईनं मीठ-मिरच्या आणून विमानावरून ओवाळल्या, कारण पिवळं धमक रूप, नजर लागायचीच. जगदेवनं पाण्याचा हंडा उचलून थेट इंजिनावर धरला, तेव्हा कॅप्टननी आयुष्यातली बहुधा सर्वांत लांब उडी मारली.

"तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतू नका! तडकेल!"

"मंग गार कसं करता?"

"नळ्यांवर फक्त ओलं फडकं ठेवायचं. आणि वारा हवा."

ओलं फडकं. शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं. माळावर कापड म्हणाल तर लोकांच्या अंगावरचं. मग त्यांची नजर कॅप्टनच्या खांद्याकडे गेली, आणि कॅप्टनची नजरही तिथेच आली. सत्काराची शाल, चार लोकांच्या साक्षीनं घातलेली, पिंपात बुडाली, पिळून निघाली आणि इंजिनाच्या डोक्यावर जाऊन बसली. तिच्यातून वाफ निघायला लागली.

"आता वारा," कॅप्टन म्हणाले.

तेव्हा लिलाबाई पुढे आल्या. इतका वेळ त्या बायकांत उभ्या राहून नवऱ्याची शोभा बघत होत्या. त्यांनी चार जणींच्या कानात काही सांगितलं, त्या गावाकडे पळाल्या आणि थोड्या वेळात डझनभर सुपं घेऊन आल्या. मग आसेगावच्या बायकांनी सरकारी विमानाला दोन्ही अंगांनी घेरून असं काही उपणायला घेतलं, की माळावरचा पाचोळा उडाला. गोजराबाई सगळ्यांत पुढे. "थंड हो बाप्पा, थंड हो माह्या राजा," म्हणत ती इंजिनाला वारा घालत होती. तिकडे सभापती सहकारी चळवळीवर आले होते.

एवढ्यात तलाठी आले. शेषरावांना बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे वाहन इथं मुक्कामी राहणार काय? कारण सूर्य मावळल्यावर गायरानावर काही उभं राहिलं तर अतिक्रमण म्हणून लिहावं लागतं.

"अवो, अतिक्रमन कसं? इमान हाये ते!"

"तेच तं. छकडा असता तर मी काई बोललो नसतो. इमान कोन्या रकान्यात धरू? मळनीयंत्रात धरू काय?"

शेषरावांनी कपाळाला हात लावला. सूर्य खरोखरच कलायला लागला होता.

शाल काढली. कॅप्टन बसले. पण आता घाई त्यांनाही झाली होती. वाफ हटावी म्हणून त्यांनी पंप चालवला, अंमळ जास्तच चालवला. पंखा फिरला, फिरला, फिरला, आणि इंजिनाखालून हिरवट पेट्रोल ठिबकायला लागलं.

"आता उलटं झालं," कॅप्टन घाम पुसत म्हणाले. "मघाशी मिळत नव्हतं. आता बुडालंय."

"वाढप्यानं गंजच उपडं केलं," शेषरावांनी गावाला कळवलं.

कॅप्टननी पुन्हा बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. पंखा हललाही नाही. बॅटरी संपली होती.

गोजराबाईनं सूप खाली ठेवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त शेषरावांकडे पाहून म्हणाली, "राहू दे बाबू. तू तरी काय करशीन." शेषरावांना वाटलं, या म्हातारीनं आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, ट्रॅक्टरची बॅटरी चालन काय?" त्यांनी विचारलं.

"ती बारा व्होल्टची. मला चोवीस लागतात. तसल्या दोन हव्यात, एकीला एक जोडून."

जगदेव कुरकुरत ट्रॅक्टर आणायला गेला. दुसरी बॅटरी कुठे होती, ते शेषरावांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. ती व्यासपीठाच्या खाली होती आणि तिच्या जोरावर सभापती, लहानपणी आपण विहीर कशी खणली, ते सांगत होते.

शेषराव मंडपाकडे चालू लागले. आपली शिफारस कोणत्या टेबलावर आहे, हे त्यांना वाटेत दोनदा आठवलं. व्यासपीठाशी जाऊन ते खाकरले. "साहेब, जरा बॅटरी पायजे होती." हे माईकनं टिपलं आणि पार नाल्यापर्यंत ऐकू गेलं.

सभापतींनी मान न वळवताच हात केला. "आटपतोच," ते म्हणाले. "तर मंडळी, पंधरा हात गेलो तरी पाणी नाही! मी म्हटलं..."

अजून किती हात खणायचे होते कोण जाणे. शेषराव खाली वाकले, डोळे मिटले आणि वायर उपटली.

तालुक्याच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सभापतींचा आवाज एकाएकी माणसाएवढा झाला. त्यांनी माईककडे पाहिलं, मग बॅटरी छातीशी धरून पळणाऱ्या ग्रामसेवकाकडे पाहिलं. पण ते पुढाऱ्यांतलं जुनं खोड. "माईक नेला तं नेऊ द्या," ते गरजले. "गळा माहाच हाये!" आणि विहीर पुढे खणायला लागले.

दोन्ही बॅटऱ्या जोडून झाल्या. चाकांपुढे मोठे दगड लावले.

"आता नीट ऐका," कॅप्टन म्हणाले. "आत पेट्रोल फार झालंय, म्हणून पेट्रोल पूर्ण बंद ठेवून हवा पूर्ण उघडणार. सुरू झालं तर एकदम जोरात होईल. मला एक दांडा मागे आणि दुसरा पुढे करावा लागेल, तेवढा क्षणभर ते आवरणार नाही. समोर कुणी नको. आणि मागचे लोक हलवा."

समोरची माणसं हलली. मागची, म्हणजे श्रोते, केव्हाच हलली होती. शेषराव धावत मंडपात गेले. "साहेब, उठा इथून. इमान सुरू होऊन राह्यलं!"

"शेवटचाच मुद्दा हाये," सभापती म्हणाले.

चक, चक, चक. फट्. चक, चक. फट्, फटफट्. आणि मग माळावर वीज पडावी तसं ते इंजिन गरजलं. सगळा दाबून ठेवलेला राग एकदम बाहेर पडला. विमान दगडांवर थडकलं, थरथरलं, आणि त्याच्यामागे जो वारा सुटला त्यानं आधी खुर्च्या नेल्या, मग सतरंजी, मग कनाती, आणि शेवटी अख्खा मंडप बांबूंसकट डौलात वर उचलला गेला, क्षणभर हवेत विचार करत थांबला आणि शालिग्रामजींवर येऊन बसला. त्यांची टोपी नाल्यापलीकडे जाताना बऱ्याच जणांनी पाहिली.

कॅप्टननी दांडे मागेपुढे केले. गर्जना उतरली, पंखा एकसारखा भिरभिरू लागला. वायरी निघाल्या, दगड निघाले, आणि औषधानं भरलेलं विमान पट्टीवरून पळत जाऊन उचललं गेलं. सगळ्या बायका सुपं हलवत त्याच्यामागे धावल्या. पोरंसोरं नाचली. लिलाबाईसुद्धा हसत होत्या, आणि शेषरावांना वाटलं की लग्नानंतर पहिल्यांदाच ती आपल्याकडे बघून नाही, आपल्याबरोबर हसतेय.

विमान नाल्यावरून वळलं. गोजराबाईच्या कपाशीच्या शेंड्यांना जवळजवळ पोट टेकवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, मागे पांढरा फवारा सोडत. म्हातारी धुऱ्यावर उभी राहून दोन्ही हातांनी त्याची अलाबला घेत होती.

मंडपाखालून सभापतींना काढलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, हेच शेषरावांना सगळ्यांत भयंकर वाटलं. कपडे झटकून ते न्यायला आलेल्या जीपमध्ये बसले आणि गेले.

दोन दिवसांनी तालुक्याच्या गावाहून, मंगरूळपीरहून निरोप आला: ग्रामसेवकांनी सभापतींना समक्ष भेटावं. शेषरावांनी कडक इस्त्रीची पँट घातली. लिलाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. "काही म्हनले तं म्हनू द्या," त्या म्हणाल्या. "गोजरामावशीचं शेत वाचलं." शेषरावांना ते ऐकून धीर आला, पण तो वाटेतच संपला.

सभापती खोलीत एकटेच होते. नवी टोपी घातली होती. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"बसा, मनवर."

शेषराव बसले नाहीत. "साहेब, माही चूक झाली. मी तुमाले मधातच..."

"ते जाऊ द्या. येत्या ऐतवारी धनजले तुमच्या त्या कॅप्टनचा सत्कार हाये. मी बी पाहुना हावो. आमदारसाहेब येऊन राह्यले. तुमी त्याईचं भाषन आयकलं हाये काय कदी?"

"हो जी. आयकलं एकडाव."

"काय दशा हो आयकनाऱ्या मानसाची! आमी कसं, दोन शब्दांत आटपतो. त्याईले थांब म्हनाची सोयच नाई." सभापती खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांनी आवाज इतका खाली आणला, की त्यांना तो इतका खाली आणता येतो हेच शेषरावांना नवीन होतं. "ते इमान हाये ना, ते तसंच उभं करता येईन काय? म्हंजे तोंड तिकडं अन् शेपटी मंडपाकडं?"

"येईन जी. पन मंग इंजिन बंद केलं तं ते..."

"बंद कायले करता? ते चालूच राहू द्या. म्या हात केला का कॅप्टनले निसतं जरा जोर लावाले सांगा." सभापतींनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. "अन् मनवर, एक ध्यानात ठेवजा. माहं भाषन पैले घेजा."